दुसरा गाल कोणाचा?

आपल्या ख्रिस्ती घरांत, शाळांत आणि धर्मग्रामांत एक उपदेश फार सहजपणे दिला जातो. मूल रडत घरी येते. थोराड मुलांनी त्याचा डबा हिसकावलेला असतो, वह्या फाडलेल्या असतात, त्याच्या बोलण्याची किंवा रंगाची टर उडवलेली असते. आपण त्याच्या पाठीवरून हात फिरवतो आणि म्हणतो, ‘जाऊ दे बाळा, प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितले आहे. क्षमा करून टाक.’ एवढे सांगून आपण समाधानाने कामाला लागतो. मूल मात्र दुसऱ्या दिवशी त्याच बाकावर, त्याच मुलांमध्ये जाऊन बसते. आमचे मत स्पष्ट आहे. हा उपदेश शुभवर्तमानाचा नव्हे. आपल्या आळसावर आपण चढवलेला तो शुभवर्तमानाचा झगा आहे.

यावर कोणी म्हणेल, ‘मुलांची चिडवाचिडवी ती, फादर, आपणही लहानपणी हे सारे सोसले.’ चिडवाचिडवी आणि छळ यांत फरक आहे. नॉर्वेत आयुष्यभर या प्रश्नाचा अभ्यास केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या: तो जाणूनबुजून केलेला असतो, तो पुन्हापुन्हा होतो आणि छळणारा व सोसणारा यांच्या बळात तफावत असते. दोन समान मित्र भांडतात आणि संध्याकाळी एकत्र खेळतात, तो छळ नव्हे. पाच जण मिळून एकाला रोज गाठतात, तो छळ होय. त्याच नॉर्वेत १९८२ साली तीन मुलांनी आपले जीवन संपवले, तेव्हा त्या देशाने हा खेळ नव्हे हे मान्य केले आणि पुढच्याच वर्षी देशभरच्या शाळांतून मोहीम हाती घेतली.

नॉर्वे दूर आहे. आपल्या डहाणू-तलासरीकडे वळू. कैनाडच्या एका पाड्यावरचे वारली आईबाप आपला सहावीतला मुलगा घेऊन आमच्याकडे आले होते. तो शाळेच्या वसतिगृहात राहत होता. वरच्या वर्गातील मुले त्याच्याकडून कपडे धुऊन घेत, साबण-तेल काढून घेत आणि त्याने तोंड उघडले की त्याच्या वारली बोलीची नक्कल करीत. महिन्याभरात मुलगा बोलेनासा झाला. बाप शाळेत गेला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की मुले अशानेच घट्ट होतात. कोणा भाविक गृहस्थाने वर दुसऱ्या गालाचा दाखला दिला. तो बाप आम्हांला एवढेच विचारीत होता, ‘फादर, दुसरा गाल नेहमी आमचाच का?’

या प्रश्नाला या मातीत इतिहास आहे. वेठबिगारीत राबणाऱ्या वारल्यांनी तलासरीजवळच्या झरी येथे मे १९४५ मध्ये सभा भरवली आणि यापुढे वेठ करणार नाही असे ठरवले. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायको दोघेही सावकाराकडे राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात तो काळ नोंदवला आहे. वेठ गेली, वेठीची भाषा मात्र गेली नाही. ‘जंगली’, ‘अडाणी’ हे शब्द आजचे बारा वर्षांचे पोर वारली वर्गबंधूला उद्देशून उच्चारते, तेव्हा ते त्याने स्वतः शोधून काढलेले नसतात. ते त्याने जेवणाच्या ताटावर ऐकलेले असतात, मोलकरणीविषयी किंवा बागेतल्या गड्याविषयी बोलताना. आणि वसईकडच्या आमच्या बांधवांनी जरा आठवावे: आपली सामवेदी किंवा वाडवळी बोली ऐकून मुंबईच्या शाळांत हसणारे कमी नव्हते. ज्याला कधी कोणी हसले, त्याने आपल्या मुलाला हसायला शिकवावे, हे आम्हांला अधिक दुःखाचे वाटते.

आता त्या वचनाकडे पाहू. मत्तयाच्या पाचव्या अध्यायात प्रभू उजव्या गालाचा उल्लेख करतो. समोरच्याच्या उजव्या गालावर उजव्या हाताने मारायचे, तर पालथा हात लागतो. अशी चपराक त्या काळी धनी गुलामाला देई, याकडे वॉल्टर विंक या अमेरिकन अभ्यासकाने लक्ष वेधले आहे. अशा वेळी दुसरा गाल पुढे करणे म्हणजे मान खाली घालणे नव्हे. ‘मी तुझ्याइतकाच माणूस आहे’ असे मारणाऱ्याला ताठ मानेने सांगणे होय. कोणाला हा अर्थ पटणार नाही. त्याने योहानाचा अठरावा अध्याय उघडावा. याजकासमोर शिपायाने खुद्द येशूला चपराक मारली, तेव्हा त्याने काय केले? तो गप्प राहिला नाही. माझे चुकले असेल तर चूक दाखव आणि नसेल तर मला का मारलेस, असा रोखठोक प्रश्न त्याने केला. फिलिप्पै नगरात चौकशीवाचून फटके मारून कोंडलेल्या पौलाला अधिकाऱ्यांनी गुपचूप जायला सांगितले, तेव्हा त्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे असा आग्रह त्याने धरला. अन्यायाला प्रश्न विचारणे हे ख्रिस्ती सहनशीलतेच्या विरुद्ध असते, तर हे दोन प्रसंग पवित्र शास्त्रात नसते.

मग क्षमेचे काय? क्षमा ही आपल्या धर्माची थोरवी आहे. तिला आम्ही तिळभरही उणे करू इच्छीत नाही. परंतु योसेफाची कथा नीट वाचावी. भावांनी त्याला खड्ड्यात टाकले आणि ते भाकरी खायला बसले. खड्ड्यातल्या त्या पोराकडे कोणी क्षमा मागितली नाही, आणि देवानेही त्या घटकेला ती त्याच्याकडून मागितली नाही. क्षमा आली ती पुष्कळ वर्षांनी, योसेफ सुरक्षित झाल्यावर, आणि धाकट्या भावासाठी स्वतःला गहाण टाकण्याइतका यहूदा बदलल्यावर. आधी मुलाला खड्ड्यातून वर काढा, मग क्षमेचे बोला. मार खाल्लेल्या मुलाला राग येतो, तेही पाप नव्हे. स्तोत्रसंहिता अशा रागाने भरलेली आहे. तो राग त्याला प्रार्थनेत देवापुढे ओतू द्या.

काही पालकांना भीती वाटते की तक्रार केली तर त्रास वाढेल. ही भीती खरी आहे, पण मौनानेही त्रास वाढतोच. मुंबईच्या नायर रुग्णालयातील डॉ. पायल तडवी या आदिवासी तरुणीचा २२ मे २०१९ रोजी मृत्यू झाला. वरिष्ठांनी जातीवरून छळ केल्याचा आणि आधी दाद मागूनही ती न मिळाल्याचा आरोप तिच्या कुटुंबीयांनी केला. दोषी कोण, हे ठरवणे न्यायालयाचे काम. परंतु दाद वेळेवर लागली पाहिजे, हे समजायला निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा १९९९ चा आहे आणि तो वसतिगृहांनाही लागू आहे. तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करावी, आणि त्याने हयगय केली तर तो त्या गुन्ह्याला साहाय्यक धरला जाईल, असे तो सांगतो. मुलांसाठी १०९८ हा मोफत दूरध्वनी आहे. आपल्यापैकी किती घरांना हे ठाऊक आहे?

पालकांनी करायचे ते अवघड नाही. सोमवारी सकाळी पोट दुखते, डबा संपतो तरी मूल भुकेले येते, वस्तू वरचेवर हरवतात, अंथरूण ओले होऊ लागते, तेव्हा थांबावे आणि विचारावे. ‘तू काय केलेस म्हणून त्यांनी मारले?’ हा प्रश्न मात्र कधीही विचारू नये. त्या एका प्रश्नाने मूल पुन्हा कायमचे मिटते. ऐकून घ्यावे, दिवस-वार लिहून ठेवावेत आणि मारणाऱ्याच्या दारात भांडायला न जाता वर्गशिक्षकांकडे, मग मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार घेऊन जावे. आधी एकट्याने, मग साक्षीदार घेऊन, मग मंडळीपुढे, हा क्रम मत्तयाच्या अठराव्या अध्यायाचाच आहे. ज्या बापाला लिहिता येत नाही, त्याच्याबरोबर धर्मग्रामातील कोणी लिहिता येणाऱ्याने जावे. दुःखितांची भेट घेणे ते हेच.

आणि ज्यांचे मूल मारते, त्या पालकांनी ‘आमचा तसा नाही’ हे वाक्य गिळावे. मारणारे मूलही हरवलेलेच मेंढरू आहे. त्याला शिस्त हवी, आणि घरी त्याला कोण मारते हेही कोणी विचारायला हवे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१७ मध्ये मिलानच्या क्रीडांगणावर दृढीकरणाच्या मुलामुलींकडून वचन घेतले होते की आपण कोणाला छळणार नाही आणि आपल्या शाळेत कोणाला छळू देणार नाही. आपल्या दृढीकरणाच्या वर्गांत हे वचन घेतले जाते का? भाकरी खात बसलेल्या भावांना उठवायचे असेल, तर हाच वर्ग योग्य.

डहाणू तालुक्यातल्याच कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या वारली मुलांमागे शाळाच कुरणात नेली. मुलाने बदलावे असे न म्हणता मोठी माणसे आपल्या जागेवरून हलली. त्या दोघी ख्रिस्ती नव्हत्या. या बाबतीत त्या आपल्या पुढे होत्या.

म्हणून आमचे मागणे एवढेच. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाने, आपल्या शाळेने आणि वसतिगृहाने पालकांसमोर जाहीर करावे की मुलाने किंवा पालकाने कोणाकडे यायचे आणि किती दिवसांत उत्तर मिळेल. असे केल्याने शाळेचे नाव जाईल, देणगीदार रागावतील, ओळखीची घरे दुरावतील, अशी भीती घातली जाईल. ती चपराक आपण मोठ्यांनी सोसावी. दुसरा गाल पुढे करायचाच असेल, तर तो आपला असावा.