आधी पाहणी, मग स्थापना

14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज 10’ला दिला जाणारा सर्वसाधारण आधार थांबविला आणि घरे, शाळा व छोट्या कार्यालयांतील असंख्य धडधाकट संगणक एका दिवसात ‘जुने’ ठरले. ‘विंडोज 11’ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक सर्व प्रोसेसर तिच्या अधिकृत यादीत नाहीत. यंत्र भंगारात देण्यापेक्षा त्यावर लिनक्स बसवावे, हा सल्ला सर्वथा योग्य आहे. मात्र तो अमलात आणताना जी घाई होते, तिच्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे.

बहुधा घडते ते असे. एखादा उत्साही तरुण येतो, हार्ड डिस्क पुसतो, अर्ध्या तासात लिनक्स बसवतो आणि निघून जातो. सायंकाळी लक्षात येते की वायफाय चालत नाही आणि प्रिंटर मौन धरून आहे. मग ‘लिनक्स आपल्या कामाचे नाही’ असा निकाल लागतो. दोष पद्धतीचा, अपकीर्ती मात्र लिनक्सची!

वस्तुस्थिती काय आहे? बहुसंख्य सुट्या भागांचे ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच असतात. अडचण येते ती उत्पादकाने आपल्या भागाची माहिती खुली केली नाही तेथे. ब्रॉडकॉमच्या अनेक जुन्या वायफाय चिपना वेगळे फर्मवेअर लागते. डेबियनने 2023 च्या बाराव्या आवृत्तीपासून अमुक्त फर्मवेअर स्थापना-संचातच दिले, तरी यांपैकी काही चिपचे फर्मवेअर नंतर स्वतंत्रपणे उतरवावे लागते. एनव्हिडियाच्या जुन्या ग्राफिक कार्डांचे कंपनीचे ड्रायव्हर नव्या गाभ्याशी जुळत नाहीत. तेथे ‘नूवो’ या मुक्त ड्रायव्हरवर भागवावे लागते. आपल्याकडे सर्वत्र दिसणारा एचपी लेझरजेट 1020 प्रत्येक वेळी सुरू होताना संगणकाकडून फर्मवेअर मागतो, तर कॅनन एलबीपी 2900 कंपनीच्या खास भाषेतच आज्ञा स्वीकारतो. सी-डॅकने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही स्वदेशी लिनक्स प्रणाली घडविली, याचा अभिमान जरूर असावा. परंतु नाव स्वदेशी असल्याने बंदिस्त चिप उघडत नाही.

म्हणून क्रम पाळला पाहिजे. प्रथम सर्व कागदपत्रांची व छायाचित्रांची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधील मराठी मजकूर विंडोज चालू असतानाच युनिकोडमध्ये आणावा. अन्यथा वर्षानुवर्षांची इतिवृत्ते वाचता येणार नाहीत. त्यानंतर पेनड्राइव्हवरून लिनक्स ‘लाइव्ह’ चालवावे. यात हार्ड डिस्कला हात लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा, झोपेतून जागे होणे आणि प्रिंटर यांची एकेक करून परीक्षा घ्यावी. पडदा काळाच राहिला, तर सुरुवातीच्या सूचीत ‘नोमोडसेट’ हा पर्याय देऊन पाहावा. वायफाय रुसले, तर मोबाइल केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करावे. बहुधा इंटरनेट लगेच मिळते आणि हवे ते फर्मवेअर उतरविता येते. चिप नेमकी कोणती, हे ‘एलएसपीसीआय’ आणि ‘एलएसयूएसबी’ या दोन आज्ञा सांगतात. तो क्रमांक हाती आला की निम्मे काम झाले.

काही यंत्रे बदलूच नयेत, हेही मान्य केले पाहिजे. ज्या दुकानाचा हिशेब टॅलीवर चालतो, तेथे पर्यायी व्यवस्था सिद्ध झाल्याशिवाय विंडोज काढणे हे धाडस नव्हे, अविचार होय. तसेच प्रोसेसर 32-बिटचा असेल तर वाट अधिकच अरुंद आहे. डेबियनने 2025 च्या तेराव्या आवृत्तीपासून अशा यंत्रांसाठीचा स्थापना-संच बंद केला.

यावर कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर सरळ आहे. एका चालत्या यंत्राचा कचरा टळतो, कुटुंबाचे हजारो रुपये वाचतात आणि घरातील मुलांना आपले साधन आतून कळते. पुढची खरेदी करताना ‘हे लिनक्सवर चालते का?’ असा प्रश्न विक्रेत्याला विचारण्याची सवय ग्राहकांना लागली, तर उत्पादकांनाही माहिती खुली करण्याचा विचार करावा लागेल. साधनाचा स्वामी व्हायचे असेल, तर त्याची ओळख करून घेण्याचे कष्ट टाळता येत नाहीत.