म्हातारचळ म्हणून हात झटकू नका!

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे हसत हसत वापरली जाते. घरातील वृद्ध व्यक्ती एकच प्रश्न दहा वेळा विचारू लागली, जेवून उठल्यावर 'मला जेवायला दिले नाही' म्हणू लागली, पोटच्या मुलाला ओळखेनाशी झाली, की म्हातारचळ लागला असे म्हणून सारे मोकळे होतात. परंतु ही म्हण खोटी आहे. नुसते वय झाले म्हणून बुद्धी नाहीशी होत नसते. स्मृतिभ्रंश, ज्याला डॉक्टर डिमेन्शिया म्हणतात, हा मेंदूचा आजार आहे. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यानेही तो होतो. भारतातील साठ वर्षांवरील लोकांचा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ७.४ टक्के वृद्धांना हा आजार आहे आणि देशातील त्यांची संख्या सुमारे ८८ लाख भरते.

आंबेडकरी जनतेने या प्रश्नाकडे श्रीमंतांचा आजार म्हणून पाहू नये. याच अभ्यासानुसार पुरुषांपेक्षा स्त्रियांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांमध्ये हे प्रमाण जास्त आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये या आजाराला हातभार लावणारी, पण आटोक्यात आणता येण्यासारखी १४ कारणे सांगितली. त्यात उच्च रक्तदाब, मधुमेह, बहिरेपणा आणि प्रदूषित हवा यांच्याबरोबर लहानपणी शिक्षण न मिळणे हेही एक कारण आहे. आज ज्या आयाबाया पंचाहत्तरी-ऐंशीत आहेत, त्यांच्यापैकी कितीजणींनी शाळेची पायरी चढली? १९७२ च्या दुष्काळात गाव सोडून त्या ठाण्या-कल्याणकडे आल्या, बांधकामावर राबल्या, कचरा उचलला, धुणीभांडी केली. ज्या व्यवस्थेने त्यांना पाटी-पेन्सिल नाकारली, तीच व्यवस्था आता म्हातारपणी त्याची दुसऱ्यांदा वसुली करीत आहे.

तपासणीतही हाच अन्याय होतो. स्मृती तपासण्याच्या प्रचलित चाचणीत वाक्य वाचायला, लिहायला आणि शंभरातून सात-सात वजा करायला सांगतात. जिने कधी पेन धरले नाही, तिची परीक्षा अशी घ्यायची काय? हरियाणातील बल्लभगड येथे १९९० च्या दशकात निरक्षर वृद्धांसाठी वेगळी हिंदी चाचणी तयार झाली होती. म्हणजे मार्ग आहे, इच्छा पाहिजे.

आता ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीतील वस्तुस्थिती पाहू. २०११ च्या जनगणनेत ठाणे महापालिका हद्दीत १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाखांहून अधिक लोक होते. कळवा, दिवा, कोळसेवाडी, वागळे इस्टेट येथील चाळींत एका खोलीत पाच-सहा माणसे राहतात. संडास चाळीच्या टोकाला. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाची तगमग बहुधा संध्याकाळी वाढते, तो रात्री उठतो, दार उघडून चालू लागतो. कल्याण जंक्शनवरून एक गाडी कसाऱ्याला जाते, एक कर्जतला. चुकून चढलेल्या म्हातारीला आपले नाव-गाव सांगता आले नाही, तर ती घरी परतणार कशी? मग घरातले दाराला बाहेरून कुलूप लावून कामावर जातात. त्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु रोजंदारीवरचा माणूस दुसरे काय करील?

वृद्धाश्रमात जावे, तर बहुतेक ठिकाणी पहिली अट असते की माणूस 'आपले आपण करणारा' असावा. स्मृतिभ्रंशासाठीच्या खासगी निवासी केंद्रांचे दरमहा शुल्क पाच आकडी असते. श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० रुपये घेणाऱ्याने तिकडे पाहायचेही नाही. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीवरील सर्वांना आयुष्मान योजनेत ५ लाखांपर्यंतचे संरक्षण मिळाले, पण ते रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या उपचारांसाठी आहे. वर्षानुवर्षे चालणाऱ्या निवासी देखभालीसाठी नाही. उरते ते १९०१ पासूनचे ठाण्याचे मनोरुग्णालय. परंतु वेडसर ठरवून कोंडणे हा या आजारावरचा इलाज नव्हे.

या रुग्णांना हवे असते ते घरासारखे छोटे निवासी केंद्र. तेथे माणसे मोजकी, सांभाळणारे चेहरे रोज तेच, संडास नजरेसमोर, आवाराला सुरक्षित कुंपण आणि दिवसाचा क्रम ठरलेला असावा. नवे पुसले जाते, पण जुने बरेच काळ टिकते. सकाळी काय खाल्ले हे न आठवणारी आजी भीमगीताची ओळ सुरू होताच पुढची म्हणते. असे केंद्र तिच्या भाषेचे आणि तिच्या वस्तीच्या जवळचे असेल, तरच ती तेथे माणूस म्हणून जगेल.

हे सारे मागण्यास आधार काय, असे कोणी विचारील. आधार कायद्याचा आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत 'स्मृती' आणि 'भान' यांतील गंभीर बिघाडाचा स्पष्ट समावेश आहे. याच कायद्याच्या कलम १८ ने आधारयुक्त निवास, कुटुंबाला साहाय्य आणि वृद्धांसाठी मानसिक आरोग्य सेवा यांची तरतूद करण्याचे बंधन सरकारवर टाकले आहे. दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शासकीय केंद्रात मोफत उपचारांचा हक्क दिला आहे. जिल्ह्यात किमान शासकीय सेवा नसतील, तर त्या व्यक्तीने जिल्ह्यातीलच अन्य सेवा घ्यावी आणि उपचाराचा खर्च सरकारने सोसावा, असेही हे कलम सांगते. याउलट, ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम १९ पाहा. प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रम सरकार स्थापन 'करू शकेल', असे तेथे म्हटले आहे. या 'करू शकेल'च्या आड राज्यकर्ते आजवर लपत आले. २०१७ च्या कायद्याने ती पळवाट ठेवलेली नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ मध्ये म्हातारपण आणि आजारपणातील सार्वजनिक साहाय्याचे तत्त्व आधीच लिहिलेले आहे.

'आईबापांना बाहेर ठेवणे ही आपली संस्कृती नाही,' असे सांगणारे भेटतात. त्यांना आमचा प्रश्न आहे की ही संस्कृती घरात कोण सांभाळते? सून नोकरी सोडते, नाहीतर नातीची शाळा सुटते. आणि श्रीमंतांच्या घरी ब्युरोमार्फत बारा-बारा तास आयाबाईचे काम करायला जाते ती आपल्याच वस्तीतली बहीण. इतरांच्या आईची सेवा करून ती परतते, तेव्हा तिची स्वतःची आई कुलपाआड असते. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी हा भार मुख्यतः सरकारने उचलावा, अशी भूमिका घेतली होती. जन्माच्या वेळी जो न्याय, तोच न्याय म्हातारपणी का नसावा?

पैसा नाही, ही सबब आम्हाला मान्य नाही. केरळ सरकारने २०१४ मध्येच स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी राज्यपातळीवर कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्र केरळपेक्षा गरीब आहे काय?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांनी राज्य सरकारच्या साहाय्याने प्रत्येकी किमान एक मोफत निवासी केंद्र आणि त्याला जोडून दिवसा सांभाळणारे केंद्र उभारावे. त्यासाठी विकास आराखड्यातील आरक्षित भूखंड वापरावेत. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय येथे आठवड्यातून एक दिवस स्मृती तपासणी व्हावी आणि ती निरक्षरांनाही देता येईल अशी असावी. सांभाळणाऱ्या स्त्रियांना प्रशिक्षण, किमान वेतन आणि आठवड्याची सुट्टी मिळावी. खासगी केंद्रांची कायद्याने सक्तीची असलेली नोंदणी तपासावी.

बुद्ध विहारांच्या समित्यांनी आणि महिला मंडळांनी आपापल्या वस्तीत असे किती वृद्ध आहेत याची यादी करावी. त्यांच्यासाठी किती खाटा आहेत, हा एकच प्रश्न माहिती अधिकारात दोन्ही महापालिकांना विचारावा. उत्तर शून्य आले, तर तोच आपला पुरावा. तो घेऊन मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे आणि गरज पडली तर उच्च न्यायालयात जाता येईल. नामांतरासाठी लाठ्या खाल्लेली पिढी आज आपली नावे विसरत आहे. तिचा हक्क मागण्याचे काम आता आपले आहे.