जुनी टपाल पुसू नका, बांधून ठेवा

मिरजेचे सतारमेकर असोत वा सांगलीचे हळद व्यापारी, आता ऑर्डर ईमेलनेही येते. जीमेलची मोफत जागा 15 जीबी. फोटो आणि ड्राइव्हही त्यातच. ती भरली की नवी पत्रे येणे थांबते व गिऱ्हाईक दुसरीकडे वळते. मग जुने सारे पुसावे काय? आमचे मत, नाही. जीएसटी नोंदणी असलेल्यांना हिशेबाचे कागद वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात. दरवर्षी बिले व सौद्यांची पत्रे उतरवून झिप करावीत, उघडून तपासावीत, मगच पुसावे. ऑगस्ट 2019 च्या महापुरात दुकानेच बुडाली. म्हणून बांधवांनो, एक प्रत दुकानात, दुसरी साताऱ्याच्या पाहुण्यांकडे ठेवा. येणे वसूल करताना कागदच बोलतो.