दिव्याचा खांब आणि वेढ्यातली माणसे



वेढा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पन्हाळा उभा राहतो. १६६० सालचा सिद्दी जौहरचा वेढा, राजापूरच्या इंग्रजांनी आणलेल्या तोफा, आषाढातली पावसाळी रात्र, महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसलेला शिवा काशीद, आणि खिंड लढवणारे बाजीप्रभू. आपण सगळे या गोष्टीवर वाढलो. पण नायक वेढ्यातून निसटला की गोष्ट गडाबाहेर जाते. चार महिने कोंडलेल्या गडावर बाकीच्यांनी काय खाल्ले, लेकरांना कुठे निजवले, हे आपल्याला कुणी सांगितले नाही आणि आपणही कधी विचारले नाही.

आज तो प्रश्न विचारायचा तो पन्हाळ्याबद्दल नव्हे, तर आपण घरे घेऊन राहिलो आहोत त्या परिसराबद्दल. १८६४ च्या उन्हाळ्यात, अमेरिकन यादवी युद्धात, जनरल शर्मनच्या उत्तरेकडील सैन्याने अटलांटाला घेरले होते. अल्फारेटा तेव्हा मिल्टन काउंटीचे जेमतेम सहा वर्षांचे गाव होते (ही काउंटी पुढे १९३२ साली फुल्टनमध्ये विलीन झाली). इथून पंधरा-वीस मिनिटांवरच्या रॉसवेलला, धबधबा पाहायला आपण वीकेंडला पाहुण्यांना घेऊन जातो तिथे, कापसाच्या आणि लोकरीच्या गिरण्या होत्या. दक्षिणेच्या सैन्याच्या गणवेशांचे कापड तिथे विणले जाई.

५ जुलै १८६४ ला उत्तरेचे घोडदळ रॉसवेलला पोचले. दुसऱ्या दिवशी गिरण्या जाळल्या. गिरणीचे मालक आधीच सुरक्षित जागी निघून गेले होते. मागे राहिले होते कामगार, आणि त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुले. शर्मनने त्यांच्यावर देशद्रोहाचा ठपका ठेवला आणि सगळ्यांना पकडून उत्तरेकडे धाडण्याचा हुकूम दिला. सुमारे ४०० जणांना आधी मॅरिएटाला नेले, तिथून रेल्वेने नॅशव्हिल, मग लुइव्हिल. काही ओहायो नदी ओलांडून इंडियानात गेल्या. ओळख नाही, काम नाही, घरचे पुरुष युद्धावर. त्यांतल्या बहुतेक कधीच परतल्या नाहीत. युद्धानंतर गिरणी मात्र पुन्हा उभी राहिली. मुंबईच्या गिरणगावाचे काय झाले हे पाहिलेल्या आपल्या पिढीला यात नवल वाटू नये! गिरणी आणि मालक यांचा इतिहास लिहिला जातो, कामगार त्यातून गळतात. रॉसवेलमध्ये या स्त्रियांचे स्मारक उभे राहायला २००० साल उजाडावे लागले.

आता अटलांटाकडे वळू. १८६० साली या गावाची वस्ती साडेनऊ हजारांच्या आसपास होती. चार रेल्वेमार्ग इथे एकत्र येत, त्यामुळे युद्धात कारखाने, इस्पितळे आणि निर्वासित यांची गर्दी होऊन वस्ती दुपटीहून जास्त झाली. शहराभोवती सुमारे दहा मैलांची तटबंदी लेम्युएल ग्रँट नावाच्या अभियंत्याने आखली. ती खणली मात्र गुलामांनी. प्रत्येक गुलामामागे महिन्याला २५ डॉलर मिळत ते त्याच्या मालकाला. ज्यांनी आपल्याला गुलामीत ठेवले त्यांचे रक्षण करणारे खंदक या माणसांना स्वतःच्या हातांनी खणावे लागले. झू अटलांटा ज्या ग्रँट पार्कात आहे ते या अभियंत्याने दिलेल्या जमिनीवर आणि त्याच्याच नावाने उभे आहे. खणणाऱ्यांची नावे कुठेच नाहीत.

२० जुलैला शहरात पहिले तोफगोळे पडले आणि पुढे महिनाभराहून अधिक काळ पडत राहिले. एकट्या ९ ऑगस्टला सुमारे ५००० गोळे पडल्याचे सांगतात. ज्यांच्यापाशी पैसा होता किंवा दक्षिणेला नातलग होते ते आधीच मेकनकडे गेले होते. पुष्कळांनी आपली 'मालमत्ता' हातची जाऊ नये म्हणून गुलामांनाही बरोबर नेले. राहिले ते ज्यांना जायला जागा नव्हती. त्यांनी परसात खड्डे खणले, वर लाकडी ओंडके आणि माती टाकली, आणि गोळे सुरू झाले की त्यात उतरू लागले. गोळीबार थांबला की बाहेर यायचे, चूल पेटवायची, पाणी भरायचे, कपडे वाळत घालायचे. कॅरी बेरी नावाच्या मुलीने त्या ऑगस्टमध्ये रोजनिशी लिहायला घेतली. ३ तारखेला तिला दहा वर्षे पूर्ण झाली. तिने लिहून ठेवले आहे की दिवस कठीण असल्याने केक झाला नाही, म्हणून कपड्यांना इस्त्री करून वाढदिवस साजरा केला, आणि पुढच्या वाढदिवसापर्यंत शांतता यावी. वेढ्यातले जगणे असे असते. शौर्य कमी आणि घरकाम जास्त.

वेढा पूर्ण आवळलेला नव्हता. दक्षिणेचा रेल्वेमार्ग ऑगस्टअखेरीपर्यंत चालू राहिला, त्यामुळे लेनिनग्राडसारखी उपासमार झाली नाही. तोफगोळ्यांनी मेलेल्या नागरिकांचा आकडा अभ्यासक वीस-पंचवीसच्या आसपास धरतात. त्यांतला एक सॉलोमन लकी. हा स्वतंत्र कृष्णवर्णीय, धंद्याने न्हावी. व्हाइटहॉल आणि अलाबामा रस्त्यांच्या चौकात गॅसच्या दिव्याच्या खांबाजवळ तो उभा असताना गोळा फुटला, खांबाला भोक पडले आणि त्याच्या पायाच्या चिंधड्या झाल्या. डॉक्टरांनी पाय कापला, पण तो वाचला नाही.

तो खांब मात्र वाचला. १९३९ साली 'गॉन विथ द विंड' चित्रपटाच्या पहिल्या खेळाचा सोहळा अटलांटात झाला. ज्या सोहळ्यात त्या चित्रपटातल्या कृष्णवर्णीय नटनट्यांना प्रवेश नव्हता, त्याच निमित्ताने हा दिवा समारंभपूर्वक पुन्हा पेटवला गेला आणि त्याला 'कॉन्फेडरसीची अखंड ज्योत' असे नाव दिले गेले. म्हणजे ज्या खांबापाशी एक कृष्णवर्णीय माणूस मेला, तोच खांब कृष्णवर्णीयांना गुलाम ठेवू पाहणाऱ्या राजवटीचे प्रतीक झाला! निदान शिवा काशीदचे नाव तरी आपण घेतो. लकीचे नाव इथल्या किती जणांना ठाऊक आहे?

आता एक अवघड गोष्ट. २ सप्टेंबरला अटलांटा पडले. लिंकनची डळमळीत वाटणारी फेरनिवड त्यामुळे पक्की झाली आणि गुलामगिरीचा शेवट जवळ आला. अटलांटाच्या वेढ्यावर आजवर सर्वांत मोठ्याने रडले ते गुलामगिरी गेल्याचे दुःख करणारे. त्यांच्या सुरात सूर मिसळण्याचे आपल्याला काही कारण नाही. शर्मनची बाजू न्यायाची होती असे मला निःशंकपणे वाटते. पण बाजू न्यायाची होती म्हणून रॉसवेलच्या बायका देशद्रोही ठरत नाहीत आणि लकीचा पाय परत येत नाही. शहर ताब्यात आल्यावर शर्मनने उरलेल्या नागरिकांना शहर सोडायला लावले. गरोदर बायका आणि तान्ही मुले हिवाळ्यात जाणार कुठे, अशी विनवणी महापौर कॅल्हून यांनी केली. शर्मनचे उत्तर असे की युद्ध म्हणजेच क्रौर्य, ते सौम्य करता येत नाही. सुमारे १६०० माणसे दक्षिणेला पाठवली गेली, त्यांत निम्म्याहून अधिक मुले.

शर्मनने कायदा मोडला का? नाही. इथेच मला खरा प्रश्न दिसतो. एप्रिल १८६३ मध्ये लिंकनने युद्धाची एक नियमावली जारी केली होती, फ्रान्सिस लीबर या प्राध्यापकाने लिहिलेली. त्या काळाच्या मानाने ती पुष्कळ पुढारलेली. छळाला बंदी, युद्धकैद्यांना संरक्षण, वर्णावरून भेदभाव नाही. पण त्याच नियमावलीत स्पष्ट लिहिले आहे की शत्रूला, मग तो सशस्त्र असो वा निःशस्त्र, उपाशी ठेवणे कायदेशीर आहे. वेढलेल्या शहरातून बाहेर काढलेल्या नागरिकांना पुन्हा आत हाकलणेही कायदेशीर, म्हणजे ते लवकर उपाशी पडतील आणि शहर लवकर शरण येईल. तोफा डागण्यापूर्वी पूर्वसूचना द्यावी, पण न दिल्यास गुन्हा नाही.

हा विचार १८६५ ला संपला नाही. लेनिनग्राडला जर्मन सैन्याने ८७२ दिवस वेढले, आठ ते दहा लाख नागरिक गेले, बहुतेक भुकेने. १९४८ साली न्यूरेंबर्गला अमेरिकन लष्करी न्यायालयासमोर फील्डमार्शल फॉन लीब उभा होता. शहरातून बाहेर पडू पाहणाऱ्या नागरिकांवर गोळ्या झाडण्याच्या हुकमाबद्दल त्याला दोषी धरता आले नाही, कारण कायदा तसा नव्हता. कायदा वेगळा असता तर बरे झाले असते, एवढीच खंत न्यायाधीशांनी व्यक्त केली.

कायदा बदलला १९७७ मध्ये. जिनिव्हा करारांच्या पहिल्या पुरवणी मसुद्याच्या ५४ व्या कलमाने नागरिकांची उपासमार हे युद्धाचे साधन म्हणून वापरायला, आणि अन्नसाठे, पिके, पाणीपुरवठा नष्ट करायला बंदी घातली. जगातल्या १७० हून अधिक देशांनी तो स्वीकारला. अमेरिकेने सही केली, पण सिनेटची मंजुरी आजतागायत नाही. भारताने तर सहीही केलेली नाही. ज्यांना आपण आपले म्हणतो ते दोन्ही देश या यादीत नाहीत! अमेरिकेच्या हरकती प्रामुख्याने इतर कलमांना आहेत, आणि नागरिकांना मुद्दाम उपाशी ठेवणे निषिद्ध असल्याचे तिच्या लष्कराची नियमपुस्तिका आता मानते, हे इथे सांगायला हवे. पण स्वतःच्या पुस्तिकेत लिहिणे आणि जगापुढे बांधून घेणे यांत अंतर आहे.

आणि हा जुना विषय नाही. २०२२ मध्ये मारिउपोलच्या तळघरांतून लोक बर्फ वितळवून पाणी पीत होते. सुदानमधल्या एल फाशेरमध्ये मे २०२४ पासून ऑक्टोबर २०२५ पर्यंत वेढ्यात अडकलेली माणसे शेंगदाण्याची पेंड खाऊन जगली, जी आपण गुरांना घालतो. ऑगस्ट २०२५ मध्ये गाझा शहर आणि त्याच्या परिसरात दुष्काळ पडल्याचे संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्याने काम करणाऱ्या तज्ज्ञांनी जाहीर केले. गाझाचा विषय निघाला की आपल्या पार्ट्यांमध्ये लगेच दोन तट पडतात. सुरुवात कुणी केली, बाजू कुणाची खरी. हे प्रश्न खोटे नाहीत. पण बाजू कुणाची खरी याचे उत्तर काहीही आले, तरी त्यातून दहा वर्षांच्या मुलीला उपाशी ठेवण्याचा परवाना निघत नाही, एवढे तरी आपण एकमताने म्हणू शकतो का? अटलांटाने मला शिकवले ते हेच. न्यायाच्या बाजूनेही वेढा घातला जातो, आणि तेव्हाही मरतो तो न्हावी, हाकलली जाते ती गिरणीतली बाई.

करण्यासारखे काय आहे? करार मंजूर करण्याचा अधिकार सिनेटचा, आणि जॉर्जियाचे दोन सिनेटर आपल्या मतांवर निवडून जातात. गेल्या काही निवडणुकांत इथे मतांचा फरक किती थोडा होता हे आपण पाहिले आहे. त्यांना पत्र लिहून विचारूया की ५४ व्या कलमाबद्दल तुमची भूमिका काय. ज्यांच्याकडे अजून भारताचा पासपोर्ट आहे त्यांनी आपल्या मतदारसंघातल्या खासदारांना हाच प्रश्न विचारावा. व्हिसा, एच-वन, ओसीआय यांसाठी आपण चिकाटीने पत्रे लिहितोच. एक पत्र वेढ्यातल्या माणसांसाठी लिहायला तासाभराहून जास्त वेळ लागणार नाही.

आणि उन्हाळ्यात आईवडील आले की त्यांना रॉसवेलचा धबधबा दाखवताना, त्या ४०० जणींबद्दलही सांगा. मुलांना बरोबर घ्या. पन्हाळ्याची गोष्ट आपण त्यांना सांगतोच, ही त्यांच्या स्वतःच्या गावची आहे.

आपली मते, मतभेदसुद्धा, जरूर कळवा.

- अल्फारेटा, जॉर्जिया