नियम बदलताना मुलांशी बोला

उन्हाळ्याच्या सुट्टीत आंजी (मोठी) इथे बहिणीकडे गेले होते. दुपारी कूलरसमोर मुलांचा पोकेमॉनच्या पत्त्यांचा डाव रंगायचा. त्यांचा नियम सोपा: दोघांनी एकेक पत्ता टाकायचा, ज्याचा आकडा मोठा त्याने दोन्ही घ्यायचे आणि ते कायमचे त्याचे. एके दिवशी सात वर्षांचा धाकटा रडत आला. ईदीच्या पैशांतून घेतलेले त्याचे सगळे पत्ते मोठ्या भावाकडे गेले होते. बहिणीने तिथेच फर्मान काढले, "आजपासून डाव संपला की ज्याचे पत्ते त्याला परत. जिंकलेलेही देऊन टाक."

मोठा उसळला, "अम्मी, मी हरत होतो तेव्हा हा नियम कुठे होता?"

बहिणीला हा उद्धटपणा वाटला. मला मात्र त्याच्या प्रश्नात तथ्य दिसले.

पत्ते विकत घ्यायचे, अदलाबदल करायची आणि स्वतःचा संच बांधून खेळायचे, हा प्रकार जगभर पसरला तो 'मॅजिक: द गॅदरिंग' या खेळापासून. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकी गणितज्ञाचा हा खेळ १९९३ मध्ये बाजारात आला. त्याच्या मूळ नियमांतही बाजी होती. सुरुवातीला दोघांनी आपल्या संचातला एकेक पत्ता बाजूला ठेवायचा आणि जिंकणाऱ्याने दोन्ही न्यायचे. पण पैसे देऊन जमवलेला आवडता पत्ता गमावणे अनेकांना रुचले नाही. ते बाजी न लावताच खेळू लागले. पुढे स्पर्धांतून बाजीचे पत्ते बाद झाले आणि १९९५ नंतर कंपनीने तसे पत्ते काढणे सोडून दिले.

पण प्रत्येक बदल असा सहज पचत नाही. २००९ मध्ये याच खेळाचे काही नियम सोपे केले गेले, तेव्हा बरेच जुने खेळाडू चिडले. वर्षानुवर्षे घोटलेले त्यांचे डावपेच निकामी झाले होते. कंपनीने मात्र महिनाभर आधी बदल जाहीर केले होते आणि त्यांची कारणेही लिहून दिली होती. सगळ्यांचा राग गेला नाही, तरी खेळ चालू राहिला.

आता आपल्या घराकडे पाहू. हरणाऱ्याची वस्तू जिंकणाऱ्याने न्यायची, ही बाजीच. इस्लामने जुगार हराम ठरवला आहे. पत्ता पाच रुपयांचा असला, तरी सवय तीच लागते. म्हणून बहिणीचा नियम योग्यच होता. चुकले ते एवढेच, की इतके दिवस आम्ही मोठी माणसे डाव पाहत गप्प बसलो आणि एकाच्या रडण्यावर दुसऱ्याला दोषी ठरवले.

रात्री जेवणानंतर बहिणीने दोघांना जवळ बसवले. बाजी का नको, ते समजावले आणि म्हणाली, "मी आधीच टोकायला हवे होते. चूक माझी." मोठ्याने पत्ते परत केले, पण दोन पत्ते बराच वेळ हातात धरून ठेवले. मग जिंकणाऱ्याला काय मिळावे, हे भावांनीच ठरवले: पुढच्या डावात पहिला पत्ता तो टाकणार.

भगिनींनो, खेळाचा नियम असो की मोबाइलची वेळ, बदल जरूर करा. पण आधी सांगा, कारण द्या आणि मूल चिडले तर त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या.