चार पोरांचा खेळ, चार घरांचा नियम

संध्याकाळी वस्तीतल्या कुठल्याही गल्लीत पाहा. ओट्यावर चार-पाच पोरं डोक्याला डोकं लावून बसलेली असतात. एकाच्या हॉटस्पॉटवर तिघांचे मोबाईल चालतात. ज्याच्याकडे मोबाईल नाही, तो मागून "डावीकडे बघ, डावीकडे!" म्हणून ओरडतो. मोठी माणसं म्हणतात, मोबाईलपायी पोरं एकलकोंडी झाली. मला हे पूर्ण पटत नाही.

पबजीवर सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये बंदी घातली. २०२१ साली तोच खेळ बीजीएमआय नावाने परत आला. त्यात शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात. चौघांची टोळी करून खेळता येते. तिला पोरं स्क्वॉड म्हणतात. जखमी साथीदाराला उठवायचं, औषधपाणी वाटून घ्यायचं आणि माइकवर सतत बोलत राहायचं. कामासाठी दुसऱ्या शहरात गेलेला मामेभाऊही तिथे भेटतो. दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या, खेळायला मैदान नसलेल्या मुलांचा हा कट्टाच झाला आहे.

कट्टा म्हटला की संगतही आली. म्हणून "किती वेळ खेळतोस?" याच्या आधी "कोणासोबत खेळतोस?" हे विचारा. अनोळखी लोक माइकवर आईबहिणीवरून, जातीवरून शिव्या देतात. मुलीचा आवाज ऐकला की त्रास देतात, म्हणून कित्येक मुली माइक बंद ठेवून खेळतात. कोणी फोटो, ओटीपी किंवा पैसे मागितले, तर मुलाने ते घरी सांगायला हवं. पण सांगितलं की मोबाईलच जाणार अशी भीती असेल, तर तो गप्प बसेल.

आरोग्याचा खरा प्रश्न रात्री उभा राहतो. एकट्याचा खेळ कंटाळा आला की सुटतो. टोळीचा खेळ सुटत नाही, कारण तिघे वाट बघत असतात. बारा वाजले तरी "एकच डाव" चालू राहतो. सकाळी डोळे चुरचुरतात, वर्गात डुलकी लागते, चिडचिड वाढते. अशा वेळी डाव अर्ध्यावर असताना मोबाईल हिसकावला, तर मुलगा मित्रांत तोंडघशी पडतो आणि घरात भांडण पेटतं. डाव साधारण अर्ध्या तासात संपतो. "दोन डाव, मग जेवण," असं आधीच ठरवा.

एका घराने नियम केला तर तो टिकत नाही. बाकीचे तिघे बोलावतच राहतात. म्हणून त्या चार पोरांच्या आईवडिलांनी एकदा एकत्र बसावं, पोरांनाही सोबत घ्यावं. रात्री दहाला चारही मोबाईल बंद, हे सगळ्यांनी मिळून ठरवावं. टोळीच उठली की कोणालाच मागे राहिल्यासारखं वाटत नाही.

एवढं करूनही खेळावर ताबा राहत नसेल, शाळा, जेवण, झोप सगळं मागे पडत असेल आणि नुकसान दिसूनही खेळ थांबत नसेल, तर त्याला हट्ट समजून मारू नका. हे वर्षभर चाललं, तर जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार मानते. २०२२ पासून लागू झालेल्या तिच्या आजारांच्या यादीत तो आहे. पण मदतीसाठी वर्षभर थांबायचं कारण नाही. सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ वर फोन करा. तिथे मराठीत, फुकट बोलता येतं. आधी ओट्यावरच्या त्या चार घरांचं बोलणं या रविवारी होऊ द्या.