बेंचवरचं तिसरं नाव

आपल्या बास्केटबॉल टीमच्या बेंचवर कोण कोण बसतं ते कधी नीट बघितलंय? बदली खेळाडू असतात. सर असतात (त्याच वेळी दुसऱ्या ग्राउंडवर मुलांची मॅच नसेल तर). आणि ट्रॅकसूट न मिळालेली एक व्यक्ती असते. तिच्या हातात वही, खांद्यावर तीन जणींचे टॉवेल आणि पायाशी पाण्याच्या बाटल्या. कुणी विचारलं तर उत्तर येतं, "ती होय? ती असिस्टंट." त्यापुढचा 'कोच' हा शब्द बहुतेक जण गिळूनच टाकतात.

माझं म्हणणं असं की हा शब्द पूर्ण उच्चारला पाहिजे, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कागदावर यायला पाहिजे. मराठीत 'सहायक प्रशिक्षक' म्हटलं की नोटीस बोर्डावरचं काहीतरी वाटतं, म्हणून आपण असिस्टंट कोचच म्हणू.

नियम काय सांगतो ते आधी बघा. आंतरराष्ट्रीय नियमांत 'पहिला असिस्टंट कोच' अशी वेगळी नोंद आहे. मॅच चालू असताना कोच किंवा पहिला असिस्टंट यांच्यापैकी एकालाच एका वेळी उभं राहता येतं. टाइम-आउट मागायचा अधिकारही फक्त या दोघांना. रेफ्रीशी बोलायचा अधिकार मात्र असिस्टंटला नाही. आणि कोचला काही कारणाने थांबता आलं नाही तर त्याची जागा असिस्टंट घेतो, पण केव्हा? त्याचं नाव स्कोअरशीटवर लिहिलेलं असेल तरच. नसेल तर कॅप्टननेच खेळता खेळता कोचिंगही करायचं.

हे 'तरच' किती महाग पडतं ते आम्ही साताऱ्याच्या एका मॅचमध्ये अनुभवलं. आमची एक सीनियर ताई, गुडघ्याचं लिगामेंट गेल्यामुळे खेळणं बंद झालेली, वर्षभर आमची प्रॅक्टिस घेत होती. टीमबरोबर जायच्या यादीत बारा खेळाडू, कोच आणि मॅनेजर एवढीच नावं बसतात, असं सांगण्यात आलं. ताई स्वतःच्या पैशाने सांगलीहून एसटीने आली. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सरांना दुसऱ्या ग्राउंडवर जावं लागलं. समोरच्यांनी प्रेस लावला, आमचे बॉल हातातून जायला लागले, आणि ताई टेबलकडे टाइम-आउट मागायला गेली. टेबलवाल्यांनी शीट बघितली आणि नाही म्हणाले. त्यांचं काहीच चुकलं नाही, नियमच तसा आहे. आमची कॅप्टन पलीकडच्या बास्केटखाली धापा टाकत होती, तिच्यापर्यंत निरोप पोचेपर्यंत आठ पॉइंट गेले. मॅच आम्ही पाच पॉइंटांनी हरलो. टाइम-आउट मिळाला असता तर जिंकलोच असतो असं मी म्हणणार नाही. पण तो मागू शकणारं माणूस बेंचवर हजर होतं, फक्त कागदावर नव्हतं.

आता काम काय असतं ते सांगते, कारण ते बाहेरून दिसत नाही. मॅचमध्ये सगळ्यांचे डोळे बॉलवर असतात, सरांचेही. असिस्टंटने बॉल सोडून बाकीचं बघायचं. क्वार्टरमध्ये आपल्या टीमचे चार फाउल झाले का? झाले असतील तर पुढच्या फाउलला समोरच्यांना दोन फ्री थ्रो. आपल्या सेंटरचे स्वतःचे चार झाले का? पाचव्याला ती बाहेर. टाइम-आउट किती उरले? पहिल्या हाफमध्ये दोन, दुसऱ्यात तीन, आणि पहिल्यातला उरलेला दुसऱ्यात चालत नाही. त्यांची सात नंबर दर वेळी उजवीकडूनच आत शिरते का? हे सगळं वहीत टिपायचं आणि टाइम-आउटच्या एका मिनिटात सरांच्या कानात दोन वाक्यांत सांगायचं. दोनच. तिसरं वाक्य कुणी ऐकत नाही.

आणि याहून अवघड काम बेंचवरचं. दोन वेळा बॉल घालवल्यावर बाहेर काढलेली फर्स्ट इयरची मुलगी मान खाली घालून बसते. सरांना तिच्याशी बोलायला वेळ नसतो. तिला काय चुकलं हे सांगून पुन्हा आत जाण्याइतकं उभं करायचं, तेही पाच मिनिटांत, हे असिस्टंटचं काम. शिवाय हॉस्टेलमधल्या कितीतरी गोष्टी सरांपर्यंत पोचतच नाहीत. पोट दुखतंय, सकाळी मेसमध्ये काही खाल्लं नाही, काल केटीचा निकाल लागला, घोटा सुजलाय पण सांगितलं तर टीममधून काढतील. मुली या गोष्टी ताईला सांगतात. सुजलेल्या घोट्याची बातमी मॅचच्या आधी कळणं आणि मॅचमध्ये कळणं यात एका पूर्ण सीझनचा फरक पडू शकतो.

आमच्या कॉन्व्हेंटमध्ये स्पोर्ट्स डेला जेसी ओवेन्सची गोष्ट सांगायचे. खाशाबा जाधवांची गोष्ट मला इथे आल्यावर कऱ्हाडच्या मैत्रिणीने सांगितली. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक जिंकले, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पण त्या स्पर्धेची जी हकीकत नेहमी सांगतात ती ऐकून मला पदकापेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा विचार पडला. एक लांबलेली कुस्ती संपल्यावर त्यांना लगेच सोव्हिएत मल्ल मामेदबेयोवसमोर उभं केलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांतीचा नियम होता. पण तो नियम पुढे करून भांडायला आपला एकही अधिकारी तिथे नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. नियम माहीत असलेलं एक माणूस मॅटच्या कडेला असतं तर? पैलवानाने लढायचं की नियमपुस्तक काढून दाखवायचं?

आपल्या सांगलीतही बघा. स्मृती मानधनाचं नाव सगळ्यांना पाठ आहे. 2013 मध्ये तिने गुजरातविरुद्ध एकदिवसीय सामन्यात नाबाद 224 केल्या, 2025 मध्ये भारताने वर्ल्ड कप जिंकला तेव्हा ती व्हाइस कॅप्टन होती. पण नेटमध्ये तिला बोलिंग टाकणारा तिचा भाऊ श्रवण किती जणांना माहीत आहे? अशा माणसाचं नाव कुठल्याच स्कोअरकार्डवर येत नाही.

बास्केटबॉलमध्येच बोलायचं तर शिकागो बुल्सची सहा विजेतेपदं म्हटली की मायकल जॉर्डन आणि फार तर फिल जॅक्सन. ज्या 'ट्रँगल' पद्धतीवर ती टीम खेळली, ती तिथे शिकवणारे टेक्स विंटर असिस्टंट कोच होते. जॅक्सन स्वतःही 1987 ते 1989 तिथेच असिस्टंट होते. मायामी हीटचे एरिक स्पोल्स्ट्रा तर 1995 मध्ये व्हिडिओ रूममध्ये कामाला लागले, मॅचच्या टेप कापायचे, आणि 2008 मध्ये हेड कोच झाले. आपल्यासारख्या एक्सेलमध्ये जगणाऱ्या लोकांना यात काहीतरी घेण्यासारखं आहे असं मला वाटतं.

"आधी कोर्टच्या भेगा बुजवा, नेट बसवा, मग असिस्टंट नेमा," असं काही जण म्हणतील. बरोबर आहे, भेगा बुजवायलाच हव्यात. पण मी पगारी माणूस मागत नाहीये. फायनल इयरचं कुणी, दुखापतीने बाहेर बसलेलं किंवा टीममध्ये न बसलेलं पण खेळ कळणारं, एवढं पुरे. फक्त ही जागा 'बिचारीला टीममध्ये घेतलं नाही' म्हणून दिलेलं बक्षीस होता कामा नये. ज्याला स्कोअरशीट लिहिता येत नाही त्याला ती देऊ नये, मग तो कितीही चांगला खेळत असो.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: दोन माणसं ओरडायला लागली की खेळाडू गोंधळतात. मान्य. म्हणूनच एकाने उभं राहायचं हा नियम मला आवडतो. असिस्टंटने सरांशी जे भांडायचं ते प्रॅक्टिसला भांडावं. मॅचमध्ये सर 'झोन लावा' म्हणाले की झोनच, मनातून मॅन-टू-मॅन वाटत असलं तरी.

मुलींच्या टीमसाठी तर ही गरज अजून वेगळी आहे. बाहेरगावी जाताना बरोबर लेडी स्टाफ नसेल तर परवानगी मिळत नाही, मिळाली तर आदल्या रात्री. त्यामुळे ऐन वेळी ज्या मॅडम मोकळ्या असतील त्या येतात, आणि फार प्रेमाने येतात. पण त्यांना फाउल आणि व्हायोलेशनमधला फरक विचारू नये. त्या मॅनेजर म्हणून हव्यातच, पण बेंच सांभाळायला दुसरं माणूस लागतं.

तेव्हा जिमखान्याला विनंती एवढीच, की पुढच्या झोनलच्या फॉर्मवर कोच आणि मॅनेजरच्या खाली असिस्टंट कोचची ओळ असावी, आणि त्या नावाला खेळाडूंइतकाच टीए-डीए, ट्रॅकसूट आणि सर्टिफिकेट मिळावं. मुलींच्या टीमसाठी थर्ड इयरची एक जण तयार आहे. स्कोअरिंग येतं, आवाज मोठा आहे, सरांशी भांडायची सवयही आहे. मॅचच्या दिवसांची हजेरी खेळाडूंसारखी तिलाही मिळणार का, एवढंच ती विचारतेय.